घेरवाडीची बिनचेहऱ्याची गोदी

फार फार वर्षांपूर्वी काळ्या कातळाच्या घेरवाडीत सटवाजी पाथरवट राहायचा. त्यानं घडवलेल्या नंदीला हुंगायला खरे बैल यायचे, असं म्हणतात. देवळाच्या ओवरीत त्याची शाळा भरे आणि पंचक्रोशीतले पाथरवट तिथं शिकायला येत. पहिला महिनाभर तो त्यांना छिन्नी देतच नसे, नुसतं समोरच्या माणसाकडे बघत बसवायचा. "आदी बघा, मग हात लावा," एवढाच त्याचा मंत्र. पण दिव्याखाली अंधार म्हणतात, तो काय उगाच?

त्याची लेक गोदी रोज दुपारी भाकरी घेऊन यायची. हा बसून, मान खाली घालून घाव घालत असायचा.

"आबा, जेवून घ्या."

"ठेव तिथं."

अशी कैक वर्षं गेली. मग गावात पटकी आली आणि एका दिवसात गोदीला घेऊन गेली.

सटवाजी वेडापिसा झाला. लेकीला दगडात परत आणीन म्हणाला. चांगला कातळ निवडून त्यानं पायांपासून सुरुवात केली. पाय असे उतरले की डाव्या करंगळीवरचा जुना व्रणसुद्धा आला. ते बघून बाया रडल्या. मग परकराचा काठ झाला, भाकरीचं फडकं धरलेले हात झाले. मानेपाशी मात्र छिन्नी थांबली. सटवाजीला पोरीचं तोंडच आठवेना.

शेवटी त्यानं बायकोला विचारलं, "अगं, आपल्या गोदीचं नाक कसं हुतं?"

ती माउली त्याच्याकडे बघतच राहिली. "रोज तुमच्या म्होरं हुबी ऱ्हायची. येकदा तरी मान वर केली का?"

तरी तिनं सांगितलं. शिष्यांनीही सांगितलं. पण दुसऱ्याच्या आठवणीवर त्याचा घाव बसेना. सात छिन्न्या बोथट झाल्या आणि दगडावर ओरखडा उठला नाही, असं म्हणतात. मग त्यानं हातोडा टाकला आणि त्या कोऱ्या तोंडाकडे मान वर करून बसला. तसाच बसल्या जागी गेला. चितेवरही त्याची मान सरळ झाली नाही, असं म्हणतात.

गोदी अजून तिथं उभी आहे. तिला कुणी शेंदूर लावत नाही की फूल वाहत नाही. पण घेरवाडीत, घरात असो की शेतात, भाकरी आणणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे नीट बघितल्याशिवाय कुणी ती मोडत नाही. नव्या सुना पहिले काही दिवस लाजून चूर होतात. आणि एखादा चुकून खालमानेनं "ठेव तिथं" म्हणालाच, तर आणणारी भाकरी घेऊन तशीच माघारी जाते. तो उपाशी राहिला, तरी गाव तिला बोल लावत नाही.