राजेसाहेबांचा नैवेद्य

“आज दिवस मावळायच्या आत आम्हाला हवा तोच अर्थ खरा, बाकीचे खोटे, हे सिद्ध करा! नाहीतर बायकापोरांसकट संस्थान सोडा!” भोरकड्याच्या राजेसाहेबांनी फर्मावलं आणि म्हातारे त्र्यंबक मुन्शी डोळे पुसू लागले.

झालं होतं एवढंच, की वाट चुकलेला एक गोरा चित्रकार राजेसाहेबांना ‘लॉर्ड’ म्हणून गेला. बिचाऱ्याला चित्र खपवायचं होतं. पण राजेसाहेब फुगले ते फुगलेच! शब्द मराठी अर्थासह वेशीवर कोरायचा ठरला. मुन्शींनी जाडजूड कोश उघडला, तर अर्थ निघाले चार: देव, जमिनीचा धनी, नवरा आणि सगळ्यांत जुना म्हणजे भाकरीचा राखणदार.

“भाकरी राखायला आम्ही काय कुत्रं आहोत? देव लिहा, देव!”

“पण बाकीचे खोटे कसे म्हणू, सरकार?” मुन्शी चाचरले. एवढी वर्षं दरबारात काढून माणूस खरं बोलायचा, म्हणजे कमालच!

मुदपाकखान्यातली कोंडाबाई दारातून ऐकत होती. “मुन्शीकाका, रडू नका,” ती हळूच म्हणाली. “देवाला जेवायला तर बसू द्या.”

दुपारी ताट आलं. बाजरीची गरम भाकरी, भरली वांगी, लोण्याचा गोळा. राजेसाहेबांनी हात पुढे केला, तोच कोंडाबाईनं ताटाभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटून हात जोडले आणि ताट उचललं.

“अगं, नेतेस कुठं?”

“मागं, सरकार. देवाला निवद नुसता दाखवायचा. खात्यात ती माणसं.”

“आम्हाला भूक लागलीय!”

“शिव शिव! देवाला भूक?”

दरबाऱ्यांना एकदम खोकला आला.

“बरं, आम्ही जमिनीचे धनी!”

“मग चला की रानात. बाजरी उभीच हाय. कापा, मळा, दळा.”

“नवरा!”

“मग राणीसाहेब वाढतील. दिवाळीला येणार हायत्या माहेराहून.”

वांग्याचा वास काही थांबेना. राजेसाहेबांनी पाटावर थाप मारली. “आण ते ताट! आम्ही भाकरीचे राखणदार!”

कोंडाबाई जागची हलली नाही. “मुन्शीकाकांच्या भाकरीचं बी?”

राजेसाहेब असे हसले, की पाटावरून घसरले. “त्यांच्याही, बाई, त्यांच्याही!”

वेशीवर तोच अर्थ कोरायचा ठरला आणि मुन्शींचं पान शेजारीच मांडलं गेलं. कोंडाबाईला मुदपाकखान्याच्या किल्ल्या अडकवायला चांदीचा छल्ला मिळाला. आणि देव एकदाचे जेवले!