भिंतीवरचे स्क्रीनशॉट

"चित्रांत काही कमी राहिलं का, भंते?"

हर्षपाल शंभरकरने विचारलं. भंते विनयबोधी त्याच्या लॅपटॉपसमोर मांडी घालून बसले होते, एकेक चित्र सावकाश पुढे सरकवत होते.

पवनीच्या वाटेवरच्या त्या विहाराच्या माडीवर दर रविवारी वंदनेनंतर बायकांचा कॉम्प्युटरचा वर्ग भरे. कुणाला लेकीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असे, कुणाला रेशनकार्डात सुनेचं नाव घालायचं असे. शिकवायचा हर्षपाल. त्यांच्या वस्तीत 'सर' अशी हाक मिळालेला तो पहिलाच, आणि त्या हाकेला तो फार जपे.

मेहनत मात्र खरी होती. अर्ज भरताना पडद्यावर जे जे येतं, त्याचा तो घरी बसून स्क्रीनशॉट काढायचा. कुठे दाबायचं तिथे हिरवा बाण टाकायचा आणि वर्गात प्रोजेक्टरने भिंतीवर दाखवायचा. बायकांना सगळं तोंडपाठ झालं होतं. पण "आता मशीनवर बसा" म्हटलं की एकेक जण पदर सावरत मागे सरकायची. त्यांतली सगळ्यांत हुशार वच्छला गणवीर. ती तर मागच्या रविवारी स्वतःच्या लेकीचा अर्ज अर्ध्यावर टाकून उठून गेली. आता वर्गाला येणार नाही म्हणून निरोपही धाडला. अर्जाची मुदत जवळ आली होती.

"मी सगळं दाखवलं, भंते. एक पायरी सोडली नाही. तरी..."

भंते शेवटच्या चित्राशी थांबले. चीवर घेण्याआधी अर्धं आयुष्य त्यांनी शाळेत शिकवण्यात घालवलं होतं.

"तुझा अर्ज कधी अडत नाही?"

"अडतो की. फोटो मोठा होतो, तारीख उलटी पडते, लाल अक्षरांत चूक येते."

"त्याची चित्रं?"

"ती काढून टाकतो. चुकीचं कशाला दाखवायचं?"

भंते म्हणाले, "वच्छला भेटली होती. म्हणाली, सरांच्या भिंतीवर कधी लाल अक्षरं येत नाहीत. माह्याच हातात खोट आहे."

हर्षपालने लॅपटॉप उचलला आणि तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर. डोळे जागरणाने तांबारलेले, पण चेहरा उजळलेला.

"हे बघा, भंते. आता चुकासुद्धा घातल्या."

खरंच घातल्या होत्या. लाल अक्षरांचं एकेक चित्र, आणि शेजारी त्याची दुरुस्ती.

"या चुका कुणाच्या?"

"माझ्याच. मुद्दाम केल्या."

"म्हणजे चुकायच्या आधी दुरुस्ती ठाऊक होती."

"हो तर!"

भंतेंनी लॅपटॉप मिटला आणि दोन्ही हातांनी त्याला परत दिला.

"रविवारी हा घरी ठेव. वच्छलाला मात्र घेऊन ये."

वच्छलाच्या दारात उभं राहणं त्याला जड गेलं. ती शेण-सारवणाचे हात तसेच धरून बाहेर आली.

"मले नाही जमत, सर."

"तुम्ही मशीनवर बसू नका, ताई. मी भरतो. तुम्ही फक्त कागद धरा."

रविवारी ती आली, पण दाराशीच बसली. हर्षपाल विहाराच्या मशीनवर बसला. तो जे टाइप करी ते त्याच क्षणी भिंतीवर उमटे. वच्छलाच्या लेकीचं नाव लिहिताना एक अक्षर चुकलं. कुणीतरी खुसखुसलं. त्याने ते नीट केलं. एवढं काही वाटलं नाही. त्यालाही जरा हसू आलं.

मग शेवटचं बटण दाबलं.

भिंतीवर लाल अक्षरं आली. माहिती जुळत नाही.

कुठली माहिती, ते लिहिलेलं नव्हतं. त्याने वरून खालपर्यंत सगळं तपासलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. ही लाल ओळ त्याने आजवर कधी पाहिलीच नव्हती. माडीवर पंख्याचा आवाज तेवढा येत होता. त्याचे कान तापले.

"नेट..." तो म्हणाला.

नेट गेलं, पुढच्या रविवारी बघू. वाक्य ओठांवर तयार होतं. तेवढ्यात त्याचं लक्ष वच्छलाकडे गेलं. दाराशी बसलेली ती कधी पुढे आली, त्याला कळलं नव्हतं. कागद छातीशी धरून ती भिंतीवरची लाल अक्षरं वाचत होती. मग तिने त्याच्याकडे पाहिलं.

वाक्य ओठांवरच राहिलं...

"नेट आहे," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला. "मलाच हे येत नाही."

कुणी हसलं नाही. वच्छलाने कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी मशीनसमोर ठेवून बसली. मागून आणखी दोघी-तिघी उठून जवळ आल्या.

हर्षपालने मान वळवून पाहिलं. भंते सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून बसले होते.

"भंते... मला खरंच येत नाही हे."

"हं," भंते म्हणाले. "आता शिकव."