कप्तानाचं झाड

"मग बाबा, आता तरी सांगाल ना? तुमच्यात ह्या झाडाला काय म्हणतात?"

बुधा मेंगाळ ओट्यावर बसून चिलीम साफ करत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

झाडपाल्याची औषधं देणाऱ्या ह्या ठाकर म्हाताऱ्याच्या मागून सुधन्वा सात वर्षं रान हिंडला होता. आता तो कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होता. नावामागे डॉक्टर लागल्यापासून स्वारीचे पाय जमिनीवर जरा कमीच टेकत.

शास्त्राच्या पुस्तकात ह्या झाडाला एका कॅप्टन हार्विनचं नाव होतं. त्याच कप्तानानं बुधाबाबांच्या पणजोबांची वाडी पेटवली होती. ते नाव खोडून वाडीतलं जुनं नाव लावावं, असा अर्ज सुधन्वानं शास्त्रज्ञांच्या परिषदेसाठी लिहिला होता. हत्ती गेला होता, शेपूट राहिलं होतं. फक्त नाव हवं होतं.

"घरं जाळली, आणि वर फुलावर स्वतःचं नाव ठोकलं! तुम्हाला राग नाही येत?"

"येतो की."

"मग सांगा."

"आधी झाड दाव."

सुधन्वानं वर्तमानपत्राच्या घड्या उलगडल्या. आत दाबून वाळवलेलं झाड होतं. पानं, जांभळं फूल, खाली कंद, सगळं मुळासकट.

"अर्जाला पुरावा नको का? तीन पावसाळे कडे पालथे घातले, तेव्हा कुठं सापडलं."

तो शाबासकीची वाट पाहत राहिला.

बुधाबाबांनी कंदावरून अंगठा फिरवला.

"आपली रीत पाळलीस ना? पहिल्याला हात जोडायचं अन् पुढं जायचं. दुसरं दिसलं, तरच खणायचं."

सुधन्वा वर्तमानपत्राच्या घड्या सारख्या करू लागला.

"दुसरं दिसलं?"

"तिथं कडा फार अवघड होता, बाबा."

"दिसलं का, लेका?"

"नाही बाबा. मला वाटलं, कुठंतरी असेलच..."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. सात वर्षांत सुधन्वानं ते कधी पाहिलं नव्हतं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

मग काहीतरी करायचं म्हणून त्यानं खिशातलं पेन काढलं.

"नाव तरी सांगा, बाबा. निदान त्या कप्तानाचं तरी पुसलं जाईल..."

बुधाबाबांनी कागद हलक्या हातानं पुन्हा मिटले आणि मांडीवर घेतले.

"राहू दे कप्तानाचंच," ते म्हणाले. "मेलेल्याचं बारसं करत न्हाईत."