फाटकावरचा हात

टापांच्या आवाजावरून कोण येतंय ते माणसं ओळखायची, त्या काळची ही गोष्ट. डोंगरउतारावर गुराख्यांचं एक गाव होतं. तिथे गुरं राखायची ती घोड्यावर बसूनच. त्या गावात एक म्हातारे गुरुजी राहत. घोड्यांवरचे सगळे ग्रंथ त्यांनी वाचले होते, पण स्वतःवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. दाराला कडी लावून चार पावलं जात आणि कडी लागली की नाही ते बघायला परत येत.

अशा माणसाने एक मोठं काम केलं होतं. गुराख्याला रोज लागणारं कसब त्यांनी खेळात आणलं. रोवलेल्या काठ्यांमधून घोडा नागमोडी काढायचा, लाकडी पुलावरून न बिचकता न्यायचा, भरलेला घडा एका ओट्यावरून उचलून दुसऱ्यावर ठेवायचा. शेवटी घोड्यावरूनच फाटक उघडून आत जायचं आणि ते पुन्हा लावायचं. फाटकाचा नियम कडक होता. उघडल्यापासून लावेपर्यंत हात फाटकावरून सुटता कामा नये. हात सुटला की गुरं पळालीच म्हणून समजायचं.

पहिल्या वर्षी स्वार तीनच होते, आणि बघायला त्यांच्या बायका. मग गुरुजी गावोगाव गेले, शिबिरं घेतली. सुताराने पूल करून दिला, कुंभाराने घडे दिले, ज्यांच्या घरी घोडा नव्हता त्यांनीही येऊन काठ्या रोवल्या. दहा वर्षांत सहा गावं जमू लागली. यंदा सातवं आलं, नदीपलीकडचं. ते नाक मुरडतच आलं.

त्यांची म्होरकी एक ठसठशीत बाई होती. घोड्यावरून उतरता उतरताच ती म्हणाली, "मैदान तुमचं, पंच तुमचे. बक्षीसही घरातच ठेवायचं ठरलं असेल?"

"एकदा बघा तर खरं, बाई," गुरुजी म्हणाले. "नाही पटलं तर पुन्हा येऊ नका."

"येणार नाहीच. आणि वाटेतली दोन गावं पुढच्या वर्षी यायचं म्हणताहेत, त्यांनाही सांगू, की जाऊ नका."

दहा वर्षांची जमवाजमव मोडायला कितीसा वेळ लागतो?

बक्षीस होतं एक उमदं शिंगरू. गुरुजींची नात येसू त्यासाठी तीन वर्षं घाम गाळत होती. तिची घोडी पाखरी आता म्हातारी झाली होती. शिंगरू मिळालं नाही, तर येसूचं घोड्यावर बसणंच संपणार होतं.

फाटकापाशी निशाण घेऊन सुतार उभा राहायचा. पण सकाळीच पुलाची फळी सैल झाली आणि तो तिकडे धावला. जाता जाता त्याने निशाण गुरुजींच्या हातात कोंबलं.

"अरे, माझ्या हातात नको! मला माझंच खरं वाटत नाही."

"हात सुटलेला दिसला की निशाण वर करायचं, गुरुजी. त्यात ग्रंथ लागत नाही!"

निशाण वर गेलं की त्या स्वाराची फेरी बाद. तिसराच स्वार नदीपलीकडचा होता, त्या बाईचा भाऊ. फाटक लावताना त्याचा हात क्षणभर सुटला. गुरुजींनी लगेच निशाण वर केलं. भाऊ मुकाट्याने बाहेर गेला. बाईने नुसती मान हलवली. जे समजायचं होतं ते तिला समजलं होतं.

दुपारी येसूची पाळी आली. पाखरी काठ्यांमधून पाण्यासारखी निघाली. पुलावर बिचकली नाही. घड्यातला थेंब सांडला नाही. सगळं गाव ओरडत होतं. फाटक लावताना मात्र पाखरीने एकदम अंग चोरलं आणि येसूची बोटं फाटकावरून उचलली गेली. चिमणीने भुर्रकन उडावं तेवढाच वेळ. लगेच पुन्हा टेकली.

घोडी आड आल्याने ते कुणालाच दिसलं नाही. फक्त गुरुजींना दिसलं.

की दिसलंच नाही? ऊन डोळ्यांवर होतं. वय झालं होतं. घोडीची शेपटी हलली असेल आणि आपल्याला भास झाला असेल. गुरुजींचा हात खालीच राहिला.

मग त्यांना सकाळचा स्वार आठवला. ऊन तेव्हाही होतं. डोळेही हेच होते. तेव्हा मात्र शंका शिवली नव्हती. जन्मभर छळणारी शंका नेमकी नातीच्या वेळीच एवढी गोड का लागावी?

गुरुजींनी निशाण वर केलं.

मग कुणीतरी ओरडलं, "गुरुजी, माशी हाकलताय का? खाली घ्या तो हात!"

गावचे पाटील धावत आले. "नक्की दिसलं, गुरुजी? तुम्हाला तर स्वतःच्या दाराची कडी लागलेलीही दिसत नाही!"

"खरं आहे, पाटील. पण सकाळी हे विचारायला तुम्ही आला नव्हतात."

येसू खाली उतरली. तिचे डोळे भरून आले होते. "आजोबा, एवढासाच सुटला हो."

"पण सुटला ना?"

"सुटला," ती म्हणाली, आणि पाखरीचा लगाम धरून चालू लागली.

शिंगरू भलत्याच गावाला गेलं. आपल्या गावचं कुणी गुरुजींशी धड बोलेना. ते एका कडेला बसून राहिले. तेवढ्यात नदीपलीकडची बाई समोर येऊन उभी राहिली.

"आमच्याकडे शिबिर कधी घेताय?"

"घोडा शिकवायला?"

"घोडा आम्हाला येतो. फाटकापाशी उभं कसं राहायचं, ते आमच्या माणसांना शिकवा. मग पुढचा खेळ आमच्या काठावर भरवू. वाटेतली दोन्ही गावं मी स्वतः घेऊन येते."

गुरुजी गोंधळले. "मी काय शिकवणार? हात वर करायला मला किती वेळ लागला, तुम्ही पाहिलं नाही का?"

"पाहिलं. म्हणूनच विचारते."

मागे येसू उभी होती. नाक ओढत ती म्हणाली, "मीही येते, आजोबा. घोडा नसला तर चालत येईन. हात कसा सुटतो, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

पुढच्या वर्षी नदीकाठी नऊ गावं जमली. फाटकापाशी निशाण घेऊन जो उभा होता, तो कुठल्या गावचा, हे कुणीच विचारलं नाही.

तात्पर्य एवढंच: परक्याची चूक ज्या नजरेला चटकन दिसते, तिने आपल्या माणसाची चूकही तितक्याच चटकन पाहावी. मग चार गावं आपल्या मैदानात विश्वासाने येतात.