रेघ खाल्लेला पाळणा

एका गावात एक सुतार होता. हात सोन्यासारखा, पण पायाला भिंगरी! घटकाभर एका जागी बसेल तर शपथ.

गावातल्या कोष्टिणीला लग्नानंतर दहा वर्षांनी लेक झाली. तिने सुताराला निरोप धाडला, "दादा, बारशाला पाळणा हवा, तुमच्याच हातचा."

सुतार कामाला लागला. एका लाकडाला खाच पाडायची, दुसऱ्याला तिच्या मापाचं कुसू काढायचं आणि ते खाचेत ठोकून घट्ट बसवायचं. करवत चालवायची ती आखलेल्या रेघेच्या बाहेरून. रेघ लाकडावर शिल्लक राहिली पाहिजे. याला म्हणायचं रेघ राखणं. पण त्या दिवशी देवळापाशी कुस्त्यांचे ढोल वाजत होते आणि याचा जीव तिकडे! चौथ्या कोपऱ्याला करवत घसरली आणि रेघ खाऊन गेली. कुसू बारीक झालं, खाचेत डुगडुगायला लागलं.

आता पुन्हा नवी दांडी घडवत बसायचं? छे! त्याने फटीत सरस आणि भुसा कोंबला, वरून घासलं, तेल पाजलं. मग फट त्याची त्यालाही सापडेना.

पण कुस्त्यांत मन रमेना. जेवताना घास तोंडात फिरू लागला. बाज करकरली तरी तो दचकून उठायचा. "अहो, अंगात मुंग्या शिरल्यात की काय?" सुतारीण म्हणाली. "काही नाही गं," म्हणत तो पुन्हा चौथा कोपरा चाचपून आला.

बारशाला पाळणा फुलांनी सजला. बायका म्हणाल्या, "अगंबाई, सांधा दिसतसुद्धा नाही!" सुताराची नजर चौथ्या कोपऱ्यावरच. बोलावं तर चारचौघांत अब्रू जाणार. गप्प बसावं तर... तेवढ्यात कोष्टीण लेकीला घेऊन पाळण्याकडे वाकली.

"थांबा, ताई!" सुतार ओरडला. पुढे होऊन त्याने चौथ्या कोपऱ्यावर बुक्की हाणली. कडकन सांधा निखळला, भुसा सांडला. "मी रेघ खाल्ली, ताई. आणि लपवली."

कोष्टिणीने लेकीला छातीशी धरलं. "दहा वर्षांनी झालीय हो ही!" एवढंच ती बोलली. बारसं लुगड्याच्या झोळीत झालं.

आठ दिवसांनी सुतार नवा पाळणा घेऊन आला. ना तेल, ना रंग, नुसतं कोरं लाकूड. "चारही कोपऱ्यांच्या रेघा बघून घ्या, ताई."

"मला रेघांतलं काय कळतंय? एकदा फसले मी."

"मग हे बघा!" असं म्हणून तो धोतर सावरत स्वतःच पाळण्यात बसला. गुडघे हनुवटीला! बायका तोंडाला पदर लावून हसल्या. कोष्टिणीने मुद्दाम दणदणीत झोके दिले. पाळणा हूं की चूं करेना. आणि सुतारही हलेना. वाकून बघते तर काय, गडी घोरत होता!

"उठा हो दादा," कोष्टिणीला हसू आवरेना, "लेकीचा आहे तो पाळणा!"

तात्पर्य: झाकलेली चूक लोकांना दिसत नाही, पण झोप मात्र आपलीच उडवते.