रेघाळीची गोळी आणि आवडा कासारीण

मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढत असे, त्या काळातली ही गोष्ट. फार वर्षांपूर्वीची. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. विचारलं की जो तो आपल्या आजोबांच्या वयावरून मोजायला लागतो आणि कुणाचं कुणाशी जुळत नाही. तर घाटमाथ्यावर कुसरुंडे नावाचं गाव होतं, आणि त्या गावात निंबाजी कासाराच्या घरी आवडा नावाची नवी सून आली होती.

आवडा माहेरचीही कासारीणच. बाईचा हात हातात घेऊन एकदा दाबला, की कुठल्या मापाची बांगडी त्यावर चढेल ते तिला कळे. पुढे पुढे तर हात दाबायचीही गरज उरली नाही, दारातून हाक आली की आवाजावरूनच ती नेमक्या मापाच्या बांगड्या काढून ठेवी, असं म्हणतात. बोलणं मात्र बेताचं. सासूबाई शेजारणीला कौतुकाने सांगत, "आमची सून म्हणजे गरीब गाय." गाय बोलत नसली तरी दिवसभर बघत असते, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्या वर्षी आडखिंडीत वाघ येऊन बसला. कोकणातून मिठाचे बैल याच खिंडीतून वर येत. वाघाने आधी बैल मारले, मग एका बैलवाल्याला ओढून नेलं. त्यानंतर खालून कुणी येईना. कुसरुंड्यातलं मीठ संपत आलं, मग संपलंच. बायकांनी लोणच्याच्या बरण्या विसळून ते पाणी आमटीत घातलं. अळणी भाकरीवर माणसं किती दिवस गोड बोलणार? जावाजावांचं वाजू लागलं, आणि अखेर पाटील चावडीवर म्हणाले, "रेघाळी काढा."

रेघाळी म्हणजे गावाची ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी घालायची आणि गजाने खाली बसवायची. तसल्या बंदुका त्या मुलखात पुष्कळ होत्या, पण त्यांच्या नळ्या आतून गुळगुळीत. हिच्या नळीत आतून मळसूत्रासारख्या रेघा होत्या. दोरीने सोडलेला भोवरा जसा फिरत जातो, तशी हिची गोळी फिरत जाते आणि सरळ जाते, असं ती विकणारा सांगून गेला होता. पाटलांनी तिच्या बदल्यात बैलजोडी दिली, घरी आणली आणि देवळात टांगली. तिच्यातून बार मात्र कधी काढला नव्हता.

आता गावाची रीत ऐका. वाघ म्हणजे देवीचं वाहन. त्याला मारलं तर पाप कुणा एकाच्या माथी येऊ नये, म्हणून गोळीत घरटी धातू पडायचा. कुणी फुटक्या घंटेचा तुकडा देई, कुणी पळीचा दांडा, कुणी झिजलेली जोडवी. कासाराने ते सगळं शिशाबरोबर मुशीत वितळवायचं आणि गावच्या जुन्या साच्यात ओतायचं. गोळी निघे ती चांगली टपोरी आणि दगडासारखी कडक. गाव खूश होई. दुसरी रीत अशी, की ज्याने गोळी ओतली त्यानेच पहिला बार काढायचा. म्हणजे कासार कामात कुचराई करणार नाही.

आवडाचे सासरे धोंडजी यांच्या डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं. त्यांच्या वेळची गुळगुळीत बंदूक पहिल्याच बाराला फाटली होती. बंदुकीत भूत होतं, असं गावाने ठरवलं, तिची शांत केली आणि तिला डोहात सोडलं. आवडाने एकदा सासऱ्यांना ताक देता देता विचारलं, "मामंजी, गोळी खालपर्यंत गेली होती?"

धोंडजींनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. "अर्ध्यात अडकली होती, पोरी," ते म्हणाले. "ठोकली, तरी हलेना. लोक म्हणाले, घट्ट आहे, चांगलं आहे."

रेघाळी आणि घरोघरचा धातू निंबाजीच्या ओसरीवर आला. निंबाजीने जुन्या साच्यातली एक गोळी नळीच्या तोंडावर ठेवून बघितली. ती तोंडावरच बसून राहिली.

"ठोकून बसवू," पाटलांचा भाऊ म्हणाला. "सैल गोळी घालायला आपलं गाव काय सैल आहे?" सगळे हसले. निंबाजीही हसला, पण त्याचं हसू ओठांच्या पुढे गेलं नाही, ते दाराआडून आवडाने पाहिलं. तिला वाघाची तेवढी भीती वाटत नव्हती. वाघ समोर असतो, दिसतो. तिला भीती वाटत होती नवऱ्याच्या गालाशी टेकणाऱ्या नळीची.

दुपारी घरातली माणसं कलंडली, तशी तिने मेणाचा गोळा तेलाच्या बोटांनी मळला, रेघाळीच्या तोंडात दाबून बसवला आणि अलगद बाहेर ओढला. मेणावर उंच-सखल धारा उठल्या होत्या. ती तो गोळा तळहातावर फिरवत बसली असताना मागून निंबाजी आला.

"हे काय?"

"तुमच्या रेघाळीच्या पोटातलं."

"चकलीच की ही."

"चकलीच. सोऱ्यातून पीठ जातं, कारण पीठ मऊ असतं. पितळ जाईल का?"

निंबाजी खाली बसला. लग्नानंतर दिवसाउजेडी ती दोघं एवढं पहिल्यांदाच बोलत होती. "कळतंय मला," तो म्हणाला. "शिसं नुसतं हवं, आणि गोळी या खाचांच्या आतल्या मापाची हवी. पण घरोघरचं पितळ परत कसं करू? पाटील म्हणतील, कासार भ्याला. दुसरे म्हणतील, आमचं घर गोळीत नको का? पाप एकट्या कासारांच्या घरावर? मग गावात राहायचं कसं?"

"आणि बोटांशिवाय कासारकी करायची कशी?" आवडाने विचारलं.

निंबाजी उठला आणि भाता नीट करायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलीणबाई बांगड्या भरायला आल्या. वाघावर माणसं निघायची असली की घरोघरच्या बायकांनी हात भरायचे, हाही रिवाजच. अंगणात बायका दाटल्या. ओसरीवर पाटील आणि पुरुष मंडळी गोळी ओतायची वाट बघत बसली होती.

आवडाने पाटलीणबाईंचा हात घेतला. "हात ताठ धरा, पाटलीणबाई."

"ताठ? अगं, जन्मभर कासारणी सैल सोडा, सैल सोडा म्हणून ओरडल्या माझ्यावर!"

"आज ताठ धरा."

"बघा गं बाई, माहेरची नवी तऱ्हा," कुणी तरी कुजबुजलं. पाटलीणबाईंनी मूठ आवळून हात ताठ केला. आवडाने बांगडी चढवली, ती अंगठ्याच्या हाडाशी अडली, आणि आवडाने तिला जोर दिला. कट्कन आवाज झाला. बांगडीचे तुकडे अंगणात पडले.

भरल्या सवाष्णीच्या हातची बांगडी, तीही वाघावर निघायच्या दिवशी! बांगडी वाढली, एवढंही म्हणायला कुणाला सुचेना. सासूबाईंच्या हातातलं सूप खाली आलं. पाटील ओसरीवरून उठले. "कासाराच्या सुनेला बांगडी भरता येत नाही?"

आवडाने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "येते. हात ताठ होता म्हणून बांगडी वाढली. पाटील, तुमची नळीही बांगडीच आहे. ती ताणत नाही, तडकते. गोळी म्हणजे आत जाणारा हात. तो हात तुम्ही पितळेचा केलाय. उद्या हीच बांगडी ह्यांच्या गालापाशी वाढेल." मग तिने पाटलीणबाईंचा हात पुन्हा घेतला, त्यावर तेलात भिजवलेलं तलम फडकं गुंडाळलं, म्हणाली, "आता सैल सोडा," आणि त्याच मापाची दुसरी बांगडी सर्रकन चढवली.

पाटलीणबाई हाताकडे बघतच राहिल्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "दुखलंही नाही."

"म्हणजे नुसतं शिसं?" पाटलांचा भाऊ म्हणाला. "आणि आमची घरं? पापाला एकटे कासार?"

"फडकं आहे की," आवडा म्हणाली. "गोळी बारीक करायची आणि तिला फडकं गुंडाळायचं. त्या फडक्यात घरटी एक धागा घ्या. रेघांत तेच बसतं, गोळीला तेच धरतं."

"धाग्यावर वाघ मारणार होय गं?" पाटलांच्या भावाने विचारलं.

कुणी हसलं, कुणी हसलं नाही. आता निंबाजी काय म्हणतो याकडे सगळे बघू लागले, आणि निंबाजी जमिनीकडे बघत होता.

तेव्हा सासूबाई पुढे आल्या. "एका हाताने भाकर मोडत नाही," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या ताटातली भाकर मी मोडून देते. लोक बसलेले असले की हे जेवतच नाहीत. माझ्या सुनेने तसं करायचं का?" त्यांनी पदराच्या काठातून एक धागा ओढला आणि पाटलांच्या हातात ठेवला. "हे कासारांचं घर. आता तुमचं द्या."

पाटलांनी तो धागा बोटांत फिरवून पाहिला. मग त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढलं आणि त्याचं टोक उसवलं.

दुपारपर्यंत घराघरातून धागे आले, असं म्हणतात. पाटाव लुगड्याचे आले, घोंगडीचे आले, बाळाच्या दुपट्याचे आले. कोष्ट्याने त्यांची चिंचोळी पट्टी विणली. निंबाजीने मेणाच्या मापावरून मातीचा नवा साचा केला. धोंडजींनी माळ्यावरून निव्वळ शिशाचा ठोकळा काढला आणि आपल्या दोन बोटांत धरून स्वतः मुशीत टाकला. पहिली गोळी फडक्यासकट नळीत घातली, तर ती घरंगळत गेली. "सैल," आवडा म्हणाली. दुसरी अंगठ्याने हलेना. "ताठ." तिसरी अंगठा दाबताच हळूच आत शिरली आणि गजापुढे एकसारखी सरकत खाली गेली, जसा भरल्या विहिरीत पोहरा उतरतो. आवडाने नुसती मान हलवली.

मग माणसं आडखिंडीत गेली. निंबाजीचा नेम कसा होता, ते सांगायला नको. त्याला समोरच्या भिंतीवर गोवरी थापता येत नसे. पण त्या दिवशी गोळी सुटली ती भोवऱ्यासारखी गात गेली, असं म्हणतात. कुणी म्हणतं, ती करवंदीच्या जाळीला वळसा घालून वाघाला लागली. कुणी म्हणतं, वाघाने तो आवाज ऐकला, गावातली सगळी घरं एकदम आपल्या समोर उभी आहेत असं त्याला वाटलं, आणि तो जो उठला तो कोकणात उतरून गेला. घरटी धागा द्यायला निघालेल्या गावात एवढ्याशा गोष्टीवर मात्र अजून एकमत नाही.

बार गावात ऐकू आला, तेव्हा आवडा जात्यावर होती. तिचा हात थांबला. सासूबाईंनीही दुसऱ्या बाजूने खुंटा धरला होता. दोघींपैकी कुणी तो सोडला नाही. बराच वेळ गेला. मग वेशीवरून माणसं येताना दिसली, आणि सगळ्यांच्या पुढे निंबाजी होता. तो लांबूनच दोन्ही हात वर करून, बोटं फाकवून चालत येत होता. लोकांना वाटलं, कासाराला वाघ मारल्याचा चढ आलाय. आवडाने मात्र बोटं मोजली, आणि मग ती आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली.

पुढे चार दिवसांनी मिठाचे बैल वर आले.

रेघाळी अजून कुसरुंड्याच्या देवळात आहे. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते तेव्हा तिला खाली काढतात. घरटी एक धागा गोळा होतो, त्याची पट्टी विणतात, आणि गावात त्या वर्षी सर्वांत शेवटी आलेल्या सुनेला बोलावतात. कुणाची, कुठली, ते बघत नाहीत. पाटलांपासून सगळे पुरुष खाली मान घालून उभे राहतात आणि विचारतात, "आवडाबाई, गोळी कशी जाते?" त्या दिवसापुरतं तिचं नाव तेच. ती अंगठ्याने गोळी दाबून बघते. सैल म्हणाली तर सैल, ताठ म्हणाली तर ताठ. बेतशीर म्हणेपर्यंत पट्ट्या बदलत राहायच्या. मग दारूचा बार निघतो आणि गाव सोनं लुटायच्या तयारीला लागतं.

एका वर्षी एक सून बराच वेळ नळीला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "आज नको." तिला कुणी कारण विचारलं नाही. रेघाळी पुन्हा खुंटीवर गेली, आणि त्या साली कुसरुंड्याचा दसरा बाराशिवाय झाला.