चामड्याचे हात

एका राज्यात बर्फाला उन्हाची भीती नव्हती, आणि तरुणांना थोरांची फार होती.

त्या राज्याचा राजा रोडेरिक शिकारीला गेला आणि अरण्यात मारला गेला. अंगावर सुऱ्यांचे तीन वार होते. राज्याची एक रीत होती. खून झालेल्याचे प्रेत दरबारात ठेवावे, एकेकाने येऊन छातीवर हात ठेवावा; खुन्याचा हात लागताच सुकलेली जखम पुन्हा वाहू लागे. रीत जुनी होती आणि कधी चुकली नव्हती.

राणी क्लोटिल्डने हात ठेवला, सरदारांनी ठेवला, आचाऱ्याने ठेवला. राजाचा ससाणा सांभाळणारा बर्टोल्फ आला, तेव्हा पक्षी बसवायचा त्याचा हातमोजा शिपायांनी हिसकून काढला. त्याने उघडा हात ठेवला. शेवटी परिषदेतले तीन वृद्ध आले: सेनापती गुंथर, खजिनदार ओडो, न्यायाधीश आन्सेल्म. रक्त आले नाही.

खुनी सापडेपर्यंत राजाला मूठमाती देता येईना, म्हणून राज्यावर शाप उतरला. नदी तळापर्यंत गोठली. गाईंच्या सडांतून बर्फाचे खडे पडू लागले. राजमुकुटाला जो हात लावी, त्याचा हात दगड होई. मनोऱ्यावरची घंटा मुकी झाली.

"बर्टोल्फ पक्ष्यांशी बोलतो," आन्सेल्म म्हणाला. "जादूने रक्त थोपवणारा तोच. त्याला फाशी द्या."

बर्टोल्फला एक मुलगी होती, एर्मिना. ती ससाण्याकडे गेली.

"राजाला कोणी मारले?"

"पाहिले नाही," ससाणा म्हणाला. "शिकार दिसेपर्यंत माझ्या डोळ्यांवर टोपी असते. पण ऐकले. वार होताना चामडे करकरले. दरबारात अगदी शेवटी तेच चामडे पुन्हा करकरले."

परिषदेतले वृद्ध कोपरापर्यंत चामड्याचे मोजे घालत. तो त्यांच्या पदाचा मान होता. ते काढा म्हणावे, असे कोणाच्या मनातही आले नव्हते.

एर्मिना तुरुंगाच्या गजांपाशी गेली. "बाबा, त्यांनी मोजे काढलेच नव्हते!"

"हळू बोल. थोर माणसं आहेत ती."

"तुम्हाला फाशी देतायत ती!"

"म्हणून काय उद्धटपणा करायचा?"

ती दरबारात गेली. शब्द जिभेवर होते. पण तीन पांढऱ्या दाढ्या दिसल्या आणि मान आपोआप खाली गेली. इतकेच म्हणाली, "तीन कामे करून फाशीच्या कैद्याला सोडवता येते, असा कायदा आहे. मला कामे सांगा. तिन्ही झाली तर माझे बाबा सुटले."

"मुकुट आण," गुंथर म्हणाला.

ती तळघरात गेली. मुकुटाभोवती दगडी हातांचे चोर उभे होते. "मला तुला घालायचे नाही," ती मुकुटाला म्हणाली. "ज्याचा आहेस त्याच्याकडे न्यायचे आहे." मुकुट हलका झाला आणि तिच्या पदरात येऊन बसला.

"काळ्या अरण्यातल्या जादूगाराचा अग्नी आण," ओडो म्हणाला. "तिथून परतलेला मी तरी पाहिला नाही."

जादूगार लांडग्याच्या कातड्यावर बसला होता. "अग्नी नेणारा मोबदल्यात काही ठेवून जातो. बहुतेक जण प्राण ठेवतात. तू काय ठेवतेस?"

एर्मिनाने विचार केला. "थोरांपुढची भीड."

"पुन्हा हवी झाली तर?"

"येईन मागायला."

जादूगाराने तिच्या घशातून राखाडी धाग्याची एक गुंडी ओढून काढली, पेटीत ठेवली आणि अग्नी दिला.

तिने अग्नी दरबारात, राजाच्या उशाशी ठेवला. आन्सेल्मने तिसरे काम सांगितले. "मुकी घंटा वाजव. सूर्य मावळायच्या आत. नाहीतर तुझा बाप फासावर."

"वाजेल," एर्मिना म्हणाली. या वेळी मान खाली गेली नाही. "तिघांनी मोजे काढा, आणि राजाच्या छातीवर हात ठेवा."

एक म्हातारा सरदार पुटपुटला, "काय ही पोर!"

"माझ्या बापाचा मोजा हिसकलात, तेव्हा नाही कोणी पुटपुटलं."

शिपायांनी राणीकडे पाहिले. राणीने होकाराची मान डोलावली.

गुंथरचा हात टेकला. पहिली जखम वाहू लागली. ओडोचा हात टेकला. दुसरी वाहू लागली. आन्सेल्म मागे सरला.

"पोरी, माझं वय पाहा."

"पाहिलं. आता हात दाखवा."

शिपायांनी मोजा ओढला आणि त्याचा हात राजाच्या छातीवर दाबला. तिसरी जखम वाहिली. दोराला कोणी हात लावला नव्हता, तरी मनोऱ्यावर घंटा वाजू लागली.

"तो परिषद मोडायला निघाला होता," आन्सेल्म शांतपणे म्हणाला. "आम्ही त्याला लहानपणी मांडीवर खेळवला होता."

बर्टोल्फसाठी उभारलेला फास त्या तिघांच्या कामी आला. राजाला मूठमाती मिळाली. नदी वाहू लागली, गाईंना दूध आले, मुकुट राणीच्या डोक्यावर बसला आणि तळघरातल्या चोरांचे हात मोकळे झाले. रीत तशीच राहिली. फक्त पहिला हात सर्वांत वृद्ध माणसाने ठेवायचा, तोही उघडा, असे ठरले.

बर्टोल्फ ससाण्यासाठी मोजा चढवताना मुलीला म्हणे, "एकदा जाऊन ती भीड परत आण गं. लोक काय म्हणतील?"

"बर्फ वितळलं की जाईन," एर्मिना म्हणे.

त्या राज्यात बर्फ कधीच पुरते वितळत नसे.